खोट्या पेशंटची खरी साखर

खोलीत सहा खुर्च्या होत्या, दोन कॅमेरे, तपासणीचा एक पलंग, साखर मोजायची एक कोरी मशीन, पट्ट्यांची एक सीलबंद डबी आणि खिडकीच्या काचेवर पावसाचे अकरा थेंब. थेंबांची नोंद कुणी मागितली नव्हती. पण ते खाली ओघळायचं विसरून जागच्या जागी थरथरत होते, म्हणून मोजले. माणसं चार. एक डॉक्टर, तिच्या दवाखान्यातल्या दोन सहाय्यक, आणि कोपऱ्यात मांडीवर गुणांचा तक्ता घेऊन बसलेली मी. पाचवा माणूस यायचा होता. तो पेशंट होता, आणि खोटा होता.

बुधवारी दुपारी जर्मनीतले दवाखाने बंद असतात, त्यामुळे आखनमधल्या आमच्या संशोधनाचे वर्ग बुधवारीच. मधुमेहासारखा जन्मभराचा आजार एकट्या डॉक्टरला सांभाळता येत नाही. फोन घेणारी, रक्त काढणारी, गोळ्या समजावणारी अशी सगळी टीम लागते. ती टीम एकत्र शिकली तर पेशंटचं काही भलं होतं का, एवढाच आमचा प्रश्न. दर आठवड्याला एका दवाखान्याची टीम यायची, खोटा पेशंट तपासायची, आणि मी त्यांना चौदा मुद्द्यांवर शून्य किंवा एक द्यायची, नंतर व्हिडिओ बघून ते गुण पडताळायची. मी बोलायचं नाही, हसायचं नाही, मान हलवायची नाही.

"तनया, तू त्या खोलीतली कुंडी आहेस," आमच्या प्रमुख, डॉक्टर होल्शर यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

पुण्यात मायक्रोबायोलॉजी आणि बॉनमधे मास्टर्स करून मी कुंडी झाले होते. आणि उत्तम कुंडी झाले होते. त्या बुधवारपर्यंत.

दार उघडलं आणि हेर राव, म्हणजे श्रीयुत राव, आत आले. वय बेचाळीस, बैठं काम, नुकताच कळलेला मधुमेह... हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात आला तो तिशीतला एक उंच मुलगा. केस ओले, काखेत सायकलचं हेल्मेट. पण खुर्चीत बसता बसता त्याने खांदे असे काही पाडले, की दहा वर्षं खरंच त्याच्या अंगावर येऊन बसली.

"मला काही होत नाही हो डॉक्टर," तो मोडक्या जर्मनमधे म्हणाला. "जरा तहान लागते, बस."

दोन सहाय्यकांपैकी तरुण होती ती फ्राउ यान्सन. तिने त्याचं बोट धरलं. सुई मात्र खरी असायची, कारण नव्या मशीनचा सराव व्हायला हवा. आकडा खोटा. तो आम्ही आधीच एका कार्डावर छापून ठेवलेला असायचा.

खट्.

"आई गं..." हेर राव अगदी पुटपुटले, मराठीत. "बाईंचा हात आहे की हातोडा!"

मी हसले. फक्त ओठांच्या एका कोपऱ्यातून, पण हसले. आणि त्याने नेमकं तेव्हाच वर पाहिलं. एक क्षण तो भूमिका विसरला. खांदे सरळ झाले, डोळ्यांत काहीतरी लख्ख हललं... मग त्याने घाईघाईने पुन्हा दहा वर्षं अंगावर ओढून घेतली.

मी खाली तक्त्यात पाहू लागले. कान गरम झाले होते.

"एकशे नव्वद," फ्राउ यान्सनने कार्ड वाचलं.

"एकशे नव्वद," दुसरी सहाय्यक लिहिता लिहिता म्हणाली.

"एकशे नव्वद, गेनाऊ," डॉक्टर म्हणाली. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर.

आमच्या प्रशिक्षणाचा हाच कणा होता: एकाने सांगायचं, दुसऱ्याने परत सांगायचं, मग शब्दांत होकार द्यायचा. पेशंटलाही विचारायचं, 'तुम्हाला काय समजलं, ते तुमच्या शब्दांत परत सांगता का?' त्यामुळे मधल्यामधे काही सांडत नाही. डॉक्टरने गोळी समजावली, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात, ती साडेसहाच्या खाली आणायची आहे म्हणून सांगितलं, आणि हेर रावांनी ते निमूटपणे परत सांगितलं. मी एकेक करत तेरा मुद्द्यांना एक गुण दिला. चौदावा मुद्दा होता: 'या सगळ्यात तुम्हाला सर्वात जड काय वाटतं, हे पेशंटला विचारलं का?' तिथे शून्य. चौदाव्याला बहुतेक सगळ्याच टीम शून्यावर अडकायच्या.

वर्ग संपला. हेर राव जाताना माझ्या कोपऱ्यापाशी हेल्मेटचा पट्टा लावायला थांबले.

"मला सांगितलं होतं, कोपऱ्यात कुंडी आहे, तिकडे बघायचं नाही," ते पट्ट्याशीच बोलल्यासारखे म्हणाले. "तिला फुलं येतात हे नव्हतं सांगितलं."

आणि गेले.

मी सामान आवरायला घेतलं. खुर्च्या, कॅमेरे, मशीन. चालते ना, बघावं म्हणून मशीनचं बटण दाबलं. शेवटचं माप पडद्यावर आलं.

दोनशे सत्त्याऐंशी.

मशीन आजच खोक्यातून काढलेली. डबी आजच उघडलेली, तिच्यातून एकच पट्टी गेलेली. म्हणजे हा आकडा दुसऱ्या कुणाचा असूच शकत नव्हता. तीन बायकांनी कार्डावरचा आकडा नियमाप्रमाणे तीनदा म्हटला होता, एकही चूक न करता, आणि मशीनकडे एकीनेही पाहिलं नव्हतं. चौथीने तर त्यांना त्याबद्दल पूर्ण गुण दिले होते.

मी जिना धावत उतरले.

बाहेर तो आखनचा नेहमीचा पाऊस. पडतो असंही म्हणता येत नाही, नुसता हवेत तरंगत असतो. तो सायकलचं कुलूप काढत होता.

"अहो... हेर राव!"

"राव वर राहिले." तो वळला. "मी उत्कर्ष. सांगलीचा."

"तनया. पुणे." मला धाप लागली होती. "तुमची शुगर दोनशे सत्त्याऐंशी आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पहिल्या भेटीत लोक आधी नाव-गाव विचारतात बघा."

"नाव-गाव झालं की आत्ता."

तो हसला. हसताना त्याची डावी भुवई उजवीपेक्षा जरा जास्त वर जायची. मोजलं नाही, पण दिसलं.

"अहो, येताना बर्लिनर खाल्ला मी. तो गोल पाव नसतो का, वरून साखरेत घोळलेला? बोटं चाटली, पँटला पुसली, आलो. तीच साखर असणार."

शक्यता चांगली होती. बोटाला साखर लागलेली असली तर आकडा खरंच फुगतो. मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मीच दचकले.

"मग हात धुवून परत बघू."

"आत्ता?"

"आत्ता."

वरच्या बेसिनला गरम पाणी यायला वेळ लागतो. आम्ही दोघं नळाकडे बघत उभे होतो, एखादी बस यायची असल्यासारखे. मग वाफ आली. आरशात आमचे चेहरे हळूहळू पुसट झाले. त्याने बाह्या वर केल्या, साबण लावला. पाणी त्याच्या मनगटावरून, बोटांवरून घसरत होतं, आणि त्या नुसत्या आवाजाने इमारत गप्प झाली होती.

"बोटांच्या बेचक्यातही," मी म्हणाले.

"आई असंच म्हणायची. शाळेतून आल्यावर."

"कोरडे करा. हं... हे बोट द्या."

त्याचा हात गरम होता. मी बोटाच्या कडेला सुई लावली. या वेळी तो 'आई गं' म्हणाला नाही. माझ्या केसांवर पावसाचे थेंब राहिले होते, तो बहुधा तिकडे बघत होता. लाल थेंब पट्टीने ओढून घेतला. मशीन उलटं मोजू लागली — पाच, चार, तीन, दोन —

दोनशे एकाहत्तर.

एका बर्लिनरने निरोगी माणसाची साखर एवढी चढत नाही. हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"हेर रावांची असेल," तो म्हणाला. "त्यांना सांगा, डॉक्टरकडे जा म्हणून."

"मी तुम्हाला सांगतेय."

त्याने हेल्मेट घातलं. "पुढच्या बुधवारी भेटू, कुंडीबाई."

मी लगेच डॉक्टर होल्शरना सगळं सांगितलं. त्यांनी कॉफीचा मग खाली ठेवला, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "आकडा कार्डावरून वाचायला आपणच शिकवलं, तनया. उद्यापासून कार्ड बंद." मग त्यांनी उत्कर्षला स्वतः फोन करून डॉक्टरकडे जायला सांगितलं. जायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवायचं होतं.

फोन ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला तो आवडत असेल, तर त्याच्या व्हिडिओंना तू गुण द्यायचे नाहीस. नियम आहे."

"तसं काही नाहीये."

"आल्झो... असं होय. तुझे कान वेगळं सांगतायत."

पुढच्या बुधवारी वर्ग सुटल्यावर तो खाली उभा होता. सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आला. त्याच्या पुढच्याही बुधवारी. आम्ही गावाच्या मधोमध एलिझेनब्रुननला जायचो. तिथे खांबांच्या ओळीआड जमिनीतून गरम पाणी येतं, आणि त्याला गंधकाचा, म्हणजे सरळ सांगायचं तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रेमात पडायला याहून वाईट जागा अख्ख्या आखनमधे नसेल. पण थंडीत त्या पाण्याची वाफ अंगाभोवती घोटाळायची, आणि तिच्यात तो बोलत असायचा...

तो गाड्यांच्या बॅटऱ्या तपासायचा. "त्यांना चार्ज करायचं, रिकामं करायचं, परत चार्ज करायचं. दमेपर्यंत. मग लिहून ठेवायचं, कधी दमल्या ते."

"वाईट नाही वाटत?"

"वाटतं की. म्हणून बुधवारी नाटक करतो. कॉलेजात एकांकिका करायचो मी. म्हाताऱ्याचं काम असलं की मलाच बोलवायचे."

त्याला इथला राइसफ्लाडन फार आवडायचा. भाताची खीर भरून भाजलेला केक. "दूधभाताला भांड्यासकट भट्टीत घातलंय," असं म्हणत तो अख्खा तुकडा संपवायचा, आणि मी म्हणायची, "डॉक्टरकडे गेलास का?" तोवर आम्ही तुम्हीवरून तूवर आलो होतो, कुठल्या वळणावर ते दोघांनाही सांगता आलं नसतं. "जाईन की," तो म्हणायचा. पुढच्या बुधवारी परत. "गेलास का?" "जाईन."

माझ्याबरोबर राहणारी मीनल विचारायची, "अगं, दोन-दोन तास बोलता तरी काय तुम्ही?"

"साखरेबद्दल."

"देवा! आणि मी इथे पुरणपोळीची स्वप्नं बघतेय."

डिसेंबर लागला. नाताळचा बाजार भरला, आणि गंधकाच्या वासात भाजलेल्या बदामांचा आणि प्रिंटनचा वास मिसळला. प्रिंटन म्हणजे इथली मसाल्याची कडक बिस्किटं. उत्कर्षने एक विकत घेतलं, अर्धं मोडून माझ्या हातात दिलं. तो काहीतरी सांगत होता. पहिल्यांदा एकटा बर्फात सायकल चालवली त्याची गंमत. आणि मी...

तो मधेच थांबला.

"बघ. आत्ता कुठे बघत होतीस?"

"कुठे?"

"बिस्किटाकडे." त्याने हात खाली घेतला. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. "तनया, तू मला भेटायला येतेस, की त्या दोनशे सत्त्याऐंशीला?"

या प्रश्नाची कितीतरी उत्तरं देता आली असती. जगातली कुठलीही मुलगी एखादं बरं उत्तर देऊ शकली असती. मी म्हणाले,

"दोनशे एकाहत्तर. हात धुतल्यावर."

तो हसला. भुवई हलली नाही. मग दिव्यांच्या माळांखालून त्याचं हेल्मेट लांब लांब जात राहिलं, आणि माझ्या हातातलं अर्धं प्रिंटन दमट होत गेलं.

पुढच्या बुधवारी हेर रावांच्या जागी निवृत्त शिक्षक हेर कोख आले. फार चांगले पेशंट. मी त्यांच्याकडे बघून एकदाही हसले नाही.

"उत्कर्षच्या व्हिडिओंना गुण द्यायचं काम दुसऱ्या कुणाला द्याल का?" मी डॉक्टर होल्शरना विचारलं.

"तसं काही नव्हतं ना?"

"होतं. आता बहुतेक नाहीये."

त्यांनी कपाटातला त्यांचा खास चहा मला करून दिला, आणि सगळे व्हिडिओ दुसऱ्या सहकाऱ्याच्या नावावर केले. त्याच्याकडे द्यायच्या आधी मी पहिला व्हिडिओ एकदा लावला. गुणांसाठी नाही... असाच.

पडद्यावर डॉक्टर गोळी समजावत होती. उत्कर्ष मान हलवत होता. आणि मग, सगळं नीट परत सांगून झाल्यावर, त्याने तोंड उघडलं. काहीतरी म्हणणार होता. खोलीत कुणाचंच लक्ष नव्हतं. त्याने खिडकीकडे पाहिलं, बहुधा त्या अकरा थेंबांकडेच, आणि तोंड मिटून घेतलं.

ते नाटक नव्हतं. कागदावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

चौदावा मुद्दा. त्या खोलीत त्याला तो कुणी विचारला नाही. आणि त्यानंतरच्या इतक्या बुधवारी, त्या वाफेत, मी 'गेलास का' सोडून काय विचारलं होतं? मी मनातल्या मनात माझ्या नावापुढे शून्य मांडलं. मग फोन काढला.

'रविवारी ड्रायलँडरएक? एकच प्रश्न विचारायचाय. साखरेचा नाही.'

उत्तर यायला संध्याकाळ झाली.

'कुंडीला एवढं चालवेल?'

ड्रायलँडरएक म्हणजे आखनबाहेरच्या जंगलातली टेकडी, जिथे जर्मनी, हॉलंड आणि बेल्जियम एका दगडापाशी भेटतात. त्या रविवारी तिन्ही देशांवर एकच धुकं होतं. बीचच्या झाडांची तांबूस पानं पायाखाली ओली होऊन गप्प पडली होती. दगड आधी दिसला, मग त्याला टेकून उभा असलेला तो. तो बेल्जियममधे उभा होता. मी हॉलंडमधे थांबले.

"विचार," तो म्हणाला.

इतक्यांदा तक्त्यावर वाचलेला प्रश्न.

"या सगळ्यात... तुला सर्वात जड काय वाटतं?"

धुक्यात कुठेतरी एका झाडावरून पाणी ठिबकत होतं. मी मोजलं नाही.

"सुई नाही," तो म्हणाला. "गोळीही नाही. आईला शुगर आहे, मी शाळेत होतो तेव्हापासून. जेवायला बसलं की बाबा तिच्या ताटाकडे बघतात. भात किती घेतला, बटाटा किती घेतला. काळजीनेच बघतात, वाईट नाहीयेत ते. पण तिच्याकडे बघत नाहीत, तनया. आई गाते. फार छान गाते. बाबांनी तिला शेवटचं 'गा' कधी म्हटलं, मला आठवत नाही. 'गोळी घेतलीस?', 'चालून आलीस?' एवढंच घर उरलंय आमचं." तो थांबला. "मी डॉक्टरकडे गेलो की माझंही ताटच होणार. एकटा असतो तर चाललं असतं. पण समोर तू बसलेली असशील, तर..."

"तर?"

"तर तूही ताटाकडेच बघशील. बाजारात बिस्किटाकडे बघितलंस तसं."

मी मग म्हणाले, "परत सांगू?"

त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं ऊन आलं. "सांग."

"तुला आजाराची भीती नाही. भीती आहे ती मी तुझ्याकडे बघायचं सोडून तुझ्या ताटाकडे बघेन, याची. आणि... ताटासमोर मी बसलेली असावी, असं तुला वाटतं."

"शेवटचं मी म्हटलं नव्हतं."

"म्हटलंस. 'तर'च्या आधी."

तो दगडावरचं शेवाळ नखाने खरवडत राहिला. "...गेनाऊ."

आता माझे कान नक्की लाल झाले असणार, पण धुक्याने मला सांभाळून घेतलं.

"मी उद्या जातो डॉक्टरकडे," तो म्हणाला. "खरंच जातो. पण एक अट. आकडा तू विचारायचा नाहीस. मला वाटेल तेव्हा मीच सांगेन."

"आणि तुला वाटलंच नाही तर?"

"तर नाही."

"अंदाजे तरी? वर की खाली एवढंच?"

"तनया!"

"बरं." माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "कबूल."

"आणि तुला?" त्याने मान तिरकी केली. "तुला यातलं सर्वात जड काय?"

"न विचारणं."

तो मोठ्याने हसला. डावी भुवई थेट कपाळात गेली. "ते तर दिसतंच आहे. आणखी?"

"सांगणं."

"काय सांगणं?"

"हेच... की मी आकड्याला भेटायला येत नव्हते. आकडा निमित्त होता. मला तू आवडतोस. बुधवारी आवडतोस, आणि बाकीचे सहा दिवस बुधवारची वाट बघते."

तो मग अगदी हळू म्हणाला, "परत सांगू?"

"सांग ना."

"तनयाला उत्कर्ष आवडतो." त्याने दगडाला वळसा घातला. "बुधवारी..." एक पाऊल. "आणि उरलेले सहा दिवसही." आता तो हॉलंडमधे होता. इतका जवळ, की त्याच्या कोटावरचं धुकं माझ्या गालाला ओलं लागत होतं. "आणि उत्कर्षलाही... पहिल्या दिवसापासून. कुंडी हसली तेव्हापासून. बरोबर सांगितलं?"

मी मान हलवली. होकार शब्दांत द्यायचा असतो, हा नियम मी त्या दिवशी मोडला.

तो खरंच गेला. एवढंच मला माहीत होतं, त्यापुढचं काही नाही. नंतरच्या तीन महिन्यांत मी काय काय विचारलं नाही, याची मीनल साक्षीदार आहे. तो निघून गेला की मी उशी तोंडावर दाबून ओरडायची, "एक आकडा गं! साडेसहाच्या खाली की वर! दशांश चिन्हासकट फक्त दोन अंक!" आणि ती दारातून म्हणायची, "संशोधिका बाई, जरा धीर धरा."

पण जेवताना मी त्याच्या ताटाकडे पाहिलं नाही. चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर बघण्यासारखं किती होतं! हनुवटीखाली लहानपणच्या पडझडीचा एक पांढरा व्रण. खोटं बोलताना तो जास्त जर्मन शब्द वापरायचा. राइसफ्लाडन आता आम्ही मीनल धरून तिघांत एक घ्यायचो. तो दोन चमचे खायचा, डोळे मिटून, आणि मी त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघायची. सकाळी तो लांबच्या टेकडीच्या रस्त्याने सायकल काढायचा, एवढं त्याच्या चिखलाच्या बुटांवरून कळायचं.

एका रविवारी त्याने सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. "आई, ही तनया." मी नमस्कार केला. मालिनीकाकूंनी आधी माझं नाव, मग गाव, मग मला भाकरी येते का हे विचारलं. मग उत्कर्ष म्हणाला, "बाबा, आईला जरा गायला सांगा ना. तनयाला ऐकायचंय."

पडद्याच्या कडेला काका होते, नुसतं अर्धं कपाळ दिसत होतं.

"अगं," ते शेवटी म्हणाले. "म्हण की काहीतरी."

"अहो, आता काय, गळा बसलाय माझा..." असं म्हणत काकूंनी सुरुवात केली. सूर आधी चाचपडला, मग स्वयंपाकघरभर पसरला. कडव्याच्या मधे कुठेतरी टेबलावर बोटांचा ठेका ऐकू यायला लागला. काकांचं कपाळ आता काकूंकडे वळलं होतं. उत्कर्षने माझा हात टेबलाखाली इतका घट्ट धरला, की बोटं दुखली.

मार्च आला. झाडांवर अजून काही नव्हतं, पण उजेड लांबला होता. एका सोमवारी त्याच्या कोपराच्या आत गोल चिकटपट्टी दिसली, रक्त काढल्यावर लावतात तशी. मी पाहिली. मी पाहिली हे त्याने पाहिलं. मी त्याला विचारलं, "बॅटऱ्या काय म्हणतायत?"

"एक दमत नाहीये," तो म्हणाला. "सगळं ऑफिस हैराण आहे."

त्या बुधवारी तो जेवायला आला. मीनल मुद्दाम बाहेर गेली होती. मी दोनदा मोडून तिसऱ्यांदा जमलेली ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली होती, बाजूला वांग्याचं भरीत. खिडकीच्या काचेवर पावसाचे थेंब होते. किती, ते माहीत नाही.

त्याने बाह्या वर केल्या आणि नळ सोडला. गरम पाणी यायला आमच्याकडेही वेळ लागतो. मग वाफ आली, आणि तिच्यात त्याचा चेहरा पुसट, हलका झाला.

"बोटांच्या बेचक्यातही," मी तव्याकडे बघतच म्हणाले.

"हो."

पाणी वाहत होतं. भाकरी फुगली. मी ती उतरवली आणि वळले, तर तो हात तसेच नळाखाली धरून माझ्याकडे बघत होता.

"सहा पॉइंट तीन," तो म्हणाला.

मी हात पुढे करून नळ बंद केला.

"परत सांग," तो म्हणाला.

"सहा पॉइंट तीन."